हवालदाराच्या पेन्शनचा अंदाज: सुरुवात सेवापुस्तकापासून

पेन्शनचा अंदाज काढून घ्यायला येणारा हवालदार बहुतेक वेळा हातात पगारपत्रक घेऊन येतो. मूळ वेतनाला दोनने भागले की पेन्शन, एवढे त्याला कोणीतरी सांगितलेले असते. ते चूक नाही. पण त्या भागाकारात दोन गोष्टी गृहीत धरलेल्या असतात. एक, हे मूळ वेतन पुढे महालेखापाल कार्यालय जसेच्या तसे मान्य करणार आहे. दोन, भरती झाल्यापासूनचा प्रत्येक दिवस सेवेत मोजला जाणार आहे. तीस-बत्तीस वर्षे खात्यात काढलेल्या माणसाच्या बाबतीत या दोन्ही गोष्टी आपोआप खऱ्या निघणे दुर्मीळच. म्हणून पगारपत्रक बाजूला ठेवायचे आणि आधी सेवापुस्तक मागवायचे.

हे सगळे जुन्या पेन्शनवाल्यांचे, म्हणजे १ नोव्हेंबर २००५ पूर्वी सेवेत आलेल्यांचे. त्यांना महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ लागू. ज्यांची जाहिरात त्या तारखेआधीची होती पण नेमणूक नंतर झाली, त्यांना फेब्रुवारी २०२४ च्या शासन निर्णयाने जुन्या योजनेचा पर्याय एकदाच देण्यात आला. तशांच्या सेवापुस्तकात पर्यायाचा अर्ज आणि त्यावरचा मंजुरी आदेश दोन्ही चिकटवलेले आहेत का, हे आधी बघायचे. नुसत्या अर्जाची पोच पुरत नाही.

समजायला सोपे जावे म्हणून एक नमुना घेऊ. जन्मतारीख १४ जून १९६८. पोलीस शिपाई म्हणून भरती १२ ऑगस्ट १९९२. सध्या सहायक फौजदार, एस-१० या वेतनस्तरात, मूळ वेतन ५४,२०० रुपये. वयाची ५८ वर्षे जून २०२६ मध्ये पूर्ण होतात, म्हणून निवृत्ती ३० जून २०२६ ला, दिवस मावळताना. जन्म महिन्याच्या १ तारखेचा असेल तर मात्र आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी घरी जावे लागते. हा एक महिना चुकला की पुढचा सगळा हिशेब चुकतो, आणि १ जूनला जन्मलेल्यांची संख्या आपल्याकडे किती आहे हे सांगायला नको.

१२ ऑगस्ट १९९२ ते ३० जून २०२६ म्हणजे ३३ वर्षे १० महिने १९ दिवस. प्रशिक्षणाचा काळ यात धरला जातो. आता यातून काय वजा होते ते शोधायचे, आणि सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो.

पोलिसाच्या सेवापुस्तकाबरोबर त्याची सर्व्हिस शीटही लागते. बक्षिसे, कसुरी, शिक्षा शीटवर असतात. रजा, वेतनवाढ, वेतननिश्चिती पुस्तकात. दोन्ही शेजारी ठेवून वर्षवार ताळा घ्यायचा. शीटवर शिक्षा आहे पण पुस्तकात तिची अंमलबजावणी नाही, असे प्रत्येक गठ्ठ्यात एखादे तरी सापडते. मुख्यालयातून पोलीस ठाण्यात, तिथून वाहतूक शाखेत, मग दुसऱ्या जिल्ह्यात अशा बदल्या होतात, जिल्हा बदलला की बक्कल नंबर बदलतो, आणि एखादा रजेचा आदेश जुन्या बक्कल नंबरावर दुसऱ्याच माणसाच्या फाइलला लागलेला असतो. राज्य राखीव दलातून जिल्ह्यात आलेल्यांची ज्येष्ठता खाली जाते, पण पेन्शनची सेवा तुटत नाही. फक्त तिकडच्या काळाची सेवा पडताळणीची नोंद पुस्तकात असली पाहिजे.

पडताळणीची नोंद म्हणजे दरवर्षी एप्रिलच्या सुमारास मारायचा तो शिक्का: अमुक ते अमुक सेवा वेतनदेयकावरून पडताळली, खाली कार्यालयप्रमुखाची सही. पान उलटताना शिक्के मोजत जायचे. १९९६-९७ आहे, १९९७-९८ आहे, मग एकदम १९९९-२०००. मधले एक वर्ष कोरे. त्या वर्षी तो माणूस कामावर होता याबद्दल कोणालाच शंका नसते, पण शिक्का नसेल तर प्रकरण परत येते. मग त्या काळच्या नेमणुकीच्या ठिकाणची वेतनदेयके शोधायची, आणि पंचवीस वर्षांपूर्वीची देयके म्हणजे अभिलेख कक्षातले वाळवी लागलेले गठ्ठे. हे काम निवृत्तीच्या दोन वर्षे आधी सुरू करायचे. कारण आकडेमोडीला अर्धा तास लागतो, एका कोऱ्या वर्षाला कधीकधी सहा महिने.

वजावटीचे मुख्य प्रकार तीन. वैद्यकीय प्रमाणपत्राशिवाय घेतलेली असाधारण, म्हणजे बिनपगारी, रजा. नियमित न केलेली गैरहजेरी. आणि ज्याचा निर्णय माणसाच्या विरुद्ध गेला असा निलंबनाचा काळ. आजारपणाची असाधारण रजा मोजली जाते, पण सिक प्रमाणपत्र मंजुरी आदेशात नमूद असले पाहिजे. घरी फाइलला ठेवलेल्या प्रमाणपत्राचा उपयोग नाही. निलंबनाचे तर आदेशातले शब्द न् शब्द वाचावे लागतात. ‘निलंबन काळ कर्तव्यकाळ समजण्यात येत आहे’ असे असेल तर पूर्ण मोजायचा. ‘देय रजा’ असेल तर ती कोणती रजा ते बघायचे. ‘निलंबन काळ निलंबन म्हणूनच’ असे असेल आणि पुढे ‘निवृत्तिवेतनासाठी ग्राह्य’ असे म्हटले नसेल तर वजा. कित्येकदा माणूस कामावर परत घेतला जातो, पगार सुरू होतो, आणि निलंबन काळाचा स्वतंत्र आदेश निघतच नाही. वीस वर्षे तो प्रश्न तसाच राहतो. असा काळ दिसला की अंदाजात तो वजाच धरायचा आणि सक्षम अधिकाऱ्याकडे आदेशासाठी टिपणी लगेच ठेवायची.

आपल्या नमुन्यात निलंबनाचे ८ महिने ४ दिवस आणि विनाप्रमाणपत्र असाधारण रजेचे ४ महिने १७ दिवस निघाले असे समजू. मिळून १ वर्ष २१ दिवस. निव्वळ सेवा राहिली ३२ वर्षे ९ महिने २८ दिवस.

आता या सेवेच्या सहामाह्या, म्हणजे सहा-सहा महिन्यांचे तुकडे, करायच्या. तीन महिने किंवा त्याहून जास्त उरले तर एक पूर्ण सहामाही धरतात. ३२ वर्षांच्या ६४, नऊ महिन्यांतल्या पहिल्या सहांची एक, आणि उरलेल्या ३ महिने २८ दिवसांची एक. एकूण ६६. कमाल मर्यादाही ६६ च आहे, म्हणजे हा माणूस काठावर पूर्ण बसला. आणखी एक महिना वजा झाला असता तर ६५ वर आला असता. म्हणून १५-२० दिवसांच्या जुन्या गैरहजेऱ्या ‘किरकोळ’ म्हणून सोडायच्या नाहीत.

सहामाह्यांचा परिणाम कशावर होतो याबद्दल जुन्या लोकांच्या मनात ३३ वर्षांचे गणित पक्के बसलेले आहे. सेवा ३३ वर्षे नाही म्हणून पेन्शन कमी बसेल, या काळजीने माणसे झुरतात. नियत वयोमानाने जाणाऱ्याची सेवा २० वर्षांच्या पुढे असेल तर पेन्शन शेवटच्या वेतनाच्या निम्मीच बसते. ३३ वर्षे लागतात ती पूर्ण उपदानासाठी, म्हणजे निवृत्तीला एकरकमी मिळणाऱ्या ग्रॅच्युइटीसाठी.

वेतनाकडे वळू. पेन्शन बसते शेवटच्या मूळ वेतनावर किंवा शेवटच्या १० महिन्यांच्या सरासरीवर, जे फायद्याचे असेल त्यावर. नेहमी शेवटचे वेतनच जास्त असते. सरासरी कामी येते ती शेवटच्या महिन्यांत वेतन खालच्या टप्प्यावर आणण्याची शिक्षा झाली असेल तेव्हा. महागाई भत्ता, घरभाडे, गणवेश आणि धुलाईचे पैसे, साप्ताहिक सुट्टीला काम केल्याचा मोबदला यातले काहीही मूळ वेतनात येत नाही. पोलिसाच्या हातात पडणाऱ्या पगारात या रकमांचा वाटा मोठा, म्हणून हातातल्या पगाराच्या निम्मे मिळेल असे धरून कर्जाचे हप्ते ठरवणाऱ्याला धक्का बसतो. नक्षलग्रस्त भागात असताना मिळणारी एकस्तर, म्हणजे एक पायरी वरची, वेतनश्रेणी त्या नेमणुकीपुरती असते. अंदाज मूळ श्रेणीवरच काढायचा.

चुका निघतात त्या वेतननिश्चितीत. १ जानेवारी २००६ चा सहावा आयोग, १ जानेवारी २०१६ चा सातवा, आणि मधे आश्वासित प्रगती योजनेचे, म्हणजे पदोन्नती न झालेल्याला ठराविक वर्षांनी वरची श्रेणी देणाऱ्या योजनेचे, लाभ: आधी १२ आणि २४ वर्षांनी, सातव्या आयोगानंतर १०, २०, ३० वर्षांनी. शिपायाला आधी योजनेतून वरची श्रेणी मिळाली आणि नंतर त्याच श्रेणीच्या पदावर पदोन्नती झाली, तेव्हा नियमात बसत नसताना दुसऱ्यांदा एक वेतनवाढ देऊन ठेवलेली असते. दुसरी नेहमीची चूक शिक्षेची. ‘एक वेतनवाढ पुढील वेतनवाढींवर परिणाम न होता एक वर्षासाठी रोखली’ आणि ‘परिणाम होऊन रोखली’ यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिलीत वर्ष संपल्यावर वेतन मूळ जागी येते. दुसरीत माणूस कायमचा एक पायरी खाली राहतो. आपल्या नमुन्यात ती पायरी ५४,२०० वरून ५२,६०० ची, म्हणजे पेन्शनमध्ये महिन्याला ८०० रुपये, जन्मभर.

म्हणून तिन्ही वेतननिश्चितींवर वेतन पडताळणी पथकाचा शिक्का आहे का हे पाहायचे. नसेल तर सेवापुस्तक आधी पथकाकडे पाठवायचे, आक्षेप आला तर तिथेच मिटवायचा. पथकाने जादा वेतन दाखवले तर वसुलीचा प्रश्न येतो. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये रफिक मसीह प्रकरणात सांगितले आहे की गट क आणि ड मधल्या कर्मचाऱ्यांकडून, तसेच निवृत्त झालेल्या किंवा वर्षभरात निवृत्त होणाऱ्या माणसाकडून अशी वसुली करता येणार नाही. जादा प्रदान पाच वर्षांहून अधिक काळ चाललेले असेल तरीही नाही. हवालदार, सहायक फौजदार गट क मध्येच येतात. अर्जात हा निकाल नमूद करावा. पण दोन गोष्टी समजून घ्याव्यात. वेतनवाढ घेताना जादा रक्कम परत करीन असे वचनपत्र लिहून दिलेले असते, कार्यालय त्यावर बोट ठेवते. आणि वसुली थांबली तरी वेतन दुरुस्त होतेच. पेन्शन त्या दुरुस्त, कमी वेतनावरच बसते. म्हणून शंका असलेल्या पुस्तकाचा अंदाज दोन रकान्यांत काढायचा, सध्याच्या वेतनाचा आणि एक पायरी खालचा.

आता आकडे. ५४,२०० चे निम्मे २७,१००, ही दरमहा पेन्शन, वर त्या वेळचा महागाई भत्ता. ३० जूनला जाणाऱ्यांची १ जुलैची वेतनवाढ एका दिवसाने हुकायची. सर्वोच्च न्यायालयाच्या एप्रिल २०२३ च्या निकालानंतर राज्य शासनाने जून २०२३ मध्ये त्यांना पेन्शनसाठी काल्पनिक वेतनवाढ देण्याचा निर्णय घेतला, अट पूर्ण बारा महिन्यांच्या सेवेची. आपल्या नमुन्यात वेतन ५५,८०० धरून पेन्शन २७,९०० होते. ही वाढ अंदाजात वेगळ्या ओळीत दाखवायची आणि बाकीची सगळी आकडेमोड प्रत्यक्ष घेतलेल्या ५४,२०० वर करायची. हातात पडायच्या रकमेचा आकडा फुगवून सांगण्यापेक्षा हजारभर कमी सांगितलेला बरा.

उपदान: वेतनाचा चौथा हिस्सा गुणिले सहामाह्या. ५४,२०० ला ४ ने भागून ६६ ने गुणले की ८,९४,३००. सहामाही एक कमी असती तर ८,८०,७५०, म्हणजे त्या जुन्या महिन्याभराच्या गैरहजेरीची किंमत १३,५५० रुपये. कमाल मर्यादा १ सप्टेंबर २०२४ पासून १४ लाखांवरून २० लाख झाली आहे. शिपाई संवर्गाला तिचा अडसर पूर्वीही फारसा नव्हता, अधिकाऱ्यांना होता.

अंशराशीकरण, म्हणजे पेन्शन विकणे. जास्तीत जास्त ४० टक्के. २७,१०० चे ४० टक्के १०,८४०, गुणिले १२, गुणिले पुढच्या वाढदिवसाच्या वयाचा गुणक. ५८ ला जाणाऱ्याचा पुढचा वाढदिवस ५९ वा, गुणक ८.३७१. येतात १०,८८,९०० रुपये. बदल्यात पंधरा वर्षे दरमहा १०,८४० कमी मिळणार, हातात मूळ पेन्शन १६,२६०. महागाई भत्ता मात्र पूर्ण २७,१०० वर मिळतो, ही गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. पंधरा वर्षांत एकूण १९,५१,२०० कापले जातात आणि मग पेन्शन पूर्ववत होते. माणूस मधेच गेला तर उरलेले पैसे कुटुंबाकडून घेत नाहीत. विकावी की नाही, यावर आमचे मत स्पष्ट आहे: डोक्यावर जास्त व्याजाचे कर्ज असेल किंवा राहायला स्वतःचे घर नसेल तर विकावी. निव्वळ मोठी रक्कम एकदा हातात यावी म्हणून विकू नये, कारण पोलीस लाइनमधून बाहेर पडल्यावर दरमहाच्या पैशाची गरज वाढते. निवृत्तीपासून एक वर्षाच्या आत अर्ज केला तर वैद्यकीय तपासणी लागत नाही, म्हणून घाईने निर्णय घ्यायचे कारणही नाही.

कुटुंब निवृत्तिवेतन शेवटच्या वेतनाच्या ३० टक्के, म्हणजे १६,२६०. विकल्यानंतर उरणारी पेन्शनही १६,२६०. बायकोला वाटते की पेन्शन विकली म्हणून आपलीही कमी झाली. तसे नाही. निम्म्याचे ६० टक्के आणि पूर्णाचे ३० टक्के गणितानेच सारखे येतात. विकण्याचा कुटुंब पेन्शनवर काही परिणाम नाही. शिवाय निवृत्त माणूस वारला तर सुरुवातीची सात वर्षे, किंवा तो ६५ वर्षांचा झाला असता त्या तारखेपर्यंत, जे आधी असेल तोवर कुटुंबाला वाढीव दराने, म्हणजे इथे २७,१००, मिळतात. एवढे बायकोला समोर बसवून सांगावे.

तिच्या नावाचाही घोळ असतो. सेवापुस्तकात लग्नानंतरचे नाव, आधारवर वडिलांचे, बँकेत तिसरेच. संयुक्त छायाचित्र चिकटवण्याआधी तिन्ही जुळवून घ्यावीत. लग्नाआधी आईच्या नावे केलेले नामनिर्देशन तसेच राहिलेले असते. कुटुंब झाल्यावर ते टिकत नाही, नवे करावे लागते.

शिल्लक अर्जित रजेचे रोखीकरण ३०० दिवसांपर्यंत: मूळ वेतन अधिक महागाई भत्ता, भागिले ३०, गुणिले दिवस. महागाई भत्ता समजा ५० टक्के धरला आणि रजा २१४ दिवस असली तर दिवसाला २,७१०, एकूण ५,७९,९४०. प्रत्यक्ष दर त्या दिवशीचा. भविष्य निर्वाह निधी आणि गट विमा वेगळे. निधीच्या वार्षिक स्लिपमध्ये एखादी वर्गणी जमा दिसत नसेल तर ती आताच शोधावी.

पोलिसांची पेन्शन अडते ती बहुतेक चौकशीमुळे. दोषारोपपत्र दिलेले असेल, किंवा न्यायालयात फौजदारी प्रकरण उभे असेल, तर तात्पुरते निवृत्तिवेतन मिळते, उपदान अंतिम आदेशापर्यंत थांबते आणि विक्रीही करता येत नाही. पण कोणी नुसता तक्रार अर्ज दिला म्हणजे विभागीय चौकशी सुरू झाली असे होत नाही. दोषारोपपत्र बजावल्याची तारीख, किंवा त्याआधी निलंबन असेल तर निलंबनाची तारीख, ही चौकशीची सुरुवात. प्राथमिक चौकशीच्या नावाखाली ना-चौकशी प्रमाणपत्र कोणी अडवत असेल तर लेखी विचारणा करावी. दुसरी अडचण घराची. सरकारी निवासस्थान मुदतीत रिकामे केले नाही तर दंडनीय दराचे भाडे उपदानातून वळते होते. मुलाची दहावी आहे म्हणून राहायचे असेल तर मुदतवाढीची परवानगी आधी, लेखी.

कागद सहा महिने आधी महालेखापालांकडे गेले पाहिजेत. विदर्भ, मराठवाडा नागपूरला, बाकीचा महाराष्ट्र मुंबईला. परत तीन आदेश येतात: पेन्शनचा, उपदानाचा आणि अंशराशीकरणाचा. आपल्या अंदाजाशी ताडून पाहायला पाच गोष्टी पुरतात: अर्हताकारी, म्हणजे पेन्शनसाठी मोजलेली, सेवा, धरलेले वेतन, गुणक, कुटुंब पेन्शनचे दोन्ही दर आणि पत्नीची जन्मतारीख. फरक दिसला तर कोषागारात वाद घालू नये. दुरुस्ती कार्यालयामार्फतच जाते.

अग्निशमन दलाची गोष्ट वेगळी, कारण फायरमन हा बहुतेक ठिकाणी महापालिकेचा किंवा नगरपालिकेचा माणूस. सूत्रे सर्वसाधारण तीच, पण प्रकरण महालेखापालांकडे जात नाही. पालिकेचाच लेखा विभाग आणि लेखापरीक्षक ते तपासतात आणि पैसे पालिकेच्या तिजोरीतून येतात. त्यामुळे आकडा बरोबर असूनही उपदान हप्त्याने किंवा महिनोन्‌महिने उशिरा मिळू शकते. छोट्या नगरपालिकेत अंदाज काढताना रकमेसोबत ‘कधी’ हाही प्रश्न विचारावा. मुंबई महापालिकेचे स्वतःचे पेन्शन नियम आहेत आणि नव्या योजनेची सीमारेषाही वेगळी, ५ मे २००८. मुंबईच्या फायरमनला राज्याची २००५ ची तारीख सांगून घाबरवू नये. करातही एक बारीक फरक आहे. रजा रोखीकरण राज्य शासनाच्या पोलिसाला पूर्ण करमुक्त, पालिकेच्या कर्मचाऱ्याला २५ लाखांच्या मर्यादेत.

फायरमन, यंत्रचालक, तांडेल यांच्या पुस्तकात निलंबनापेक्षा रोजंदारीचा प्रश्न जास्त. आधी चार-सहा वर्षे रोजंदारीवर पाण्याच्या गाड्यांवर काम, मग कायम. ती वर्षे मोजायची की नाही, आणि किती, हे कायम केल्याच्या ठरावात आणि आदेशात काय लिहिले आहे त्यावर ठरते. नुसत्या आदेशात ‘अमुक तारखेपासून कायम’ एवढेच असते, सेवा जोडण्याची ओळ ठरावात असते, आणि ठराव सेवापुस्तकाला लावलेला नसतो. त्याची प्रमाणित प्रत नगरसचिवांच्या कार्यालयातून अर्ज करून मिळते. हजेरीपटही त्याच अर्जात मागून घ्यावा.